रूपीच्या तोंडात दुसरीचे दात

कैनाडच्या रूपी सुइणीला किळस कशी ती साठी उलटली तरी ठाऊक नव्हती. जिव्याच्या पायावर कुऱ्हाड पडून घाव चिघळला, त्यात अळ्या झाल्या, तेव्हा त्याची बायको भाकरीची थाळी उंबऱ्यावरूनच आत सरकवायची. रूपीनं तो पाय मांडीवर घेतला आणि एक एक अळी काडीनं उचलून वाटीत टाकत बसली. वर त्याला विचारत होती, यंदा नागली कशी आली, आणि तुझी ती तांबडी गाय गाभण राहिली का. बाळाची वार, रक्त, ओकारी, लहानग्यांची घाण, म्हाताऱ्यांची घाण, सगळं तिच्या हातांनी उपसलं होतं. माणूस आतून असाच असतो, असं तिचं म्हणणं. त्यात नाक मुरडण्यासारखं काय आहे?

हे तिला तिच्या सासूनं, बारकीनं शिकवलं होतं. लग्न होऊन तलासरीकडून कैनाडला आली तेव्हा रूपी अजून कोवळी पोर होती. बारकी तिला बाळंतणीच्या घरी नेऊन कोपऱ्यात बसवायची. "हात धू, नखं काप, आणि तोंड वाकडं करू नको," बारकी सांगायची. "त्या बाईला त्या घडीला तुझ्या तोंडाशिवाय दुसरं काय दिसत नाय. तू तोंड वाकडं केलंस तर तिला वाटंल आपण मेलो."

रूपीनं तोंड कधी वाकडं केलं नाही. गावातल्याच नवशीच्या पहिल्या बाळंतपणाला नवशीनं कळ सोसवेना म्हणून जी लाथ झाडली ती रूपीच्या जबड्यावर बसली आणि वरचे समोरचे दोन दात पडले. रूपीनं ते दात कनवटीला खोचले, तोंडातलं रक्त बाजूला थुंकलं आणि म्हणाली, "आता अशीच जोर लाव, बय." पोरगी सुखरूप झाली. पुढं नवशी दरवर्षी रूपीला नव्या तांदळाची पायली आणून द्यायची, आणि दातांवरून दोघी पोट धरून हसायच्या.

तेव्हा रूपीचं तोंड असं होतं: वरचे दोन दात नाहीत. डावी पापणी अर्धी मिटलेली, कारण लहानपणी करवंदांच्या जाळीत काटा घुसला होता. कपाळावर गोंदणाचे पाच ठिपके आणि हनुवटीवर एक बारीक फूल. गोंदताना ती किंचाळत होती, तर तिच्या आयशीनं हात घट्ट धरून सांगितलं होतं, "रडू नको. मेल्यावर सगळं इथंच राहतं, एवढंच बरोबर येतं."

आता बाया दवाखान्यात बाळंत होतात. रूपीला त्याचं वाईट वाटत नाही. उलट दिवस भरलेल्या बाईला ती स्वतः दटावून गाडीत बसवते. बाळांना तेल लावणं, न्हाऊ घालणं, बाळंतणीचं पोट बांधणं एवढं तिच्याकडं राहिलं आहे. मुलगा सुनिल उंबरगावकडच्या कारखान्यात जातो. सून वर्षा अंगणवाडीत सेविका आहे. घरात सासू-सुनेचं बरं चालतं, म्हणजे दोघी भांडतात आणि एका ताटात जेवतात.

वर्षाच्याच फोनवर तो निरोप आला. डहाणू रोडच्या एका संस्थेला जुन्या सुइणींचा सत्कार करायचा होता. तलासरीला सभागृहात कार्यक्रम, मुंबईचे पाहुणे, जेवण. संस्थेचे ललित सर पूर्वी शाळेत शिकवायचे, आता निवृत्त होऊन समाजकार्य करत होते. मोठ्या आवाजात बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. "वर्षाताई, तुमच्या सासूबाईंचा फोटो मिळाला आहे आम्हाला," ते म्हणाले. "व्यासपीठावर मोठा बॅनर लावणार आहोत. तुम्ही फक्त दुकानात जाऊन नाव बरोबर आहे का तेवढं बघून या."

हा फोटो कोणता, ते वर्षाला नंतर कळलं. पोलिओच्या रविवारी उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी सगळ्यांचा मिळून एक फोटो काढला होता. त्यात रूपी मागं, दाराच्या कडेला, अर्धी सावलीत उभी होती. तो फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरत फिरत सरांपर्यंत पोहोचला, आणि त्यांनी त्यातून रूपीचं तोंड कापून घेतलं. करंगळीच्या नखाएवढं तोंड.

दुसऱ्या दिवशी रूपीचे डोळे दाखवायला डहाणूला जायचंच होतं. दवाखान्याचं काम उरकून सासू-सुना स्टेशनजवळच्या त्या बॅनरच्या दुकानात शिरल्या. आत शिरताच रूपीच्या डोक्यात शाईचा उग्र वास गेला, रॉकेलात गोड काहीतरी कुजत घातल्यासारखा. भिंतीभर तोंडं टांगलेली. वाढदिवसाची तोंडं, निवडणुकीची तोंडं, श्रद्धांजलीची तोंडं. रूपी त्या तोंडांकडं बघत राहिली. म्हातारे, पोरं, मेलेले, जिवंत, सगळ्यांची कातडी एकच होती. कुणाला देवीचा व्रण नाही, कुणाच्या गालावर सुरकुती नाही. एका मेलेल्या म्हाताऱ्याचे ओठ तर लाल केले होते.

"याला काय झालं होतं?" तिनं विचारलं.

दुकानातला मिथुन काँप्युटरवरून मान न उचलता म्हणाला, "आजी, तो वारला."

"ते कळलं. ओठाला काय झालं?"

मिथुन हसला. तिशीतला, बोलका माणूस. आशागडहून रोज यायचा. वर्षानं संस्थेचं नाव सांगितल्यावर त्यानं फाइल उघडली. नाव बरोबर होतं. मग त्याला आपलं काम दाखवायची हुक्की आली. "ताई, फोटो काय आला होता बघा हा." पडद्यावर एक काळपट चौकोन आला. त्यानं तो मोठा केला, तसे त्यात भरड चौकडे दिसायला लागले, तांबूस, करडे, काळे, जुन्या गोधडीच्या ठिगळांसारखे. डोळा कुठला आणि तोंड कुठलं कळेना. "एवढंसं तोंड आणि बॅनर दहा फुटी. छापलं असतं तर असंच आलं असतं. आता बघा."

त्यानं बोट दाबलं आणि पडद्यावर एक बाई आली.

बाईला लुगडं रूपीचं होतं. डोक्यावरची फडकी रूपीची. आत तोंड मात्र कुणाचं तरी. दोन्ही डोळे टपोरे, उघडे, पापण्यांना लांब केस. कातडी सोललेल्या ताडगोळ्यासारखी, ओली आणि गुळगुळीत. कपाळ स्वच्छ. हनुवटी स्वच्छ. आणि बाई हसत होती, दोन ओळी भरून पांढरेशुभ्र दात दाखवत.

"ही कोण?" रूपी म्हणाली.

"तुम्हीच की, आजी!"

रूपी खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेली. जवळून ते तोंड आणखीनच वाईट दिसत होतं. एखाद्या ओळखीच्या घरात शिरावं आणि आत अनोळखी माणसं जेवत बसलेली दिसावीत, तसं तिला झालं.

"हे दात कुठनं आणले?"

"आणले नाहीत, आजी. काँप्युटर भरतो." मिथुन समजावू लागला. "फोटोत जे आलेलंच नसतं ते मोठं कसं करणार? मग तो अंदाजानं भरतो. त्यानं लाखो बायकांची तोंडं बघून ठेवलेली असतात. इथं डोळा असणार, इथं दात असणार, असं धरून त्यातलंच जुळेल ते तो बसवतो."

"म्हणजे दुसऱ्या बायांचं?"

"असं एकीचं नाही म्हणता येणार. सगळ्यांचं मिळून."

रूपीची जीभ आपोआप पुढच्या फटीत गेली. तिथं हिरडी होती, कडक आणि ओळखीची. आणि समोर त्याच जागी लाखो बायांच्या तोंडातनं उचललेले दात बसले होते. कुणाचे, कुणी काय खाल्लेले, कुणाच्या थुंकीचे. कधी कुणाच्या ताटात हात घालायला न कचरलेल्या रूपीला एकदम वाटलं की आपल्या तोंडात कुणीतरी उष्टं कोंबलं आहे, आणि ते गिळताही येत नाही. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, खारट. ती बाहेर धावली, गटारापाशी वाकली आणि थुंकली. शेजारच्या चहावाल्याच्या नळावर तिनं चूळ भरली. परत भरली. पाणी तोंडात खळखळवून टाकलं तरी तो बुळबुळीतपणा जाईना.

"आई, काय झालं? चक्कर आली?" वर्षा मागोमाग आली.

"घाण वाटली," रूपी म्हणाली. हा शब्द सासूच्या तोंडून वर्षानं पहिल्यांदाच ऐकला.

जरा वेळानं रूपी परत आत गेली आणि मिथुनसमोर उभी राहिली. "मी इथं उभी आहे ना? मग त्या ठिगळातनं कशाला शोधतोस? माझा फोटो काढ."

त्याला हे सुचायला हवं होतं. फाइल आली, काम केलं, एवढंच त्याच्या लेखी होतं. फाइलमधलं माणूस आपल्या पायानं दुकानात येत नाही सहसा. त्यानं कॅमेरा काढला, रूपीला दारातल्या उजेडाला बसवलं, मागं पांढरा कपडा धरायला वर्षाला सांगितलं. फोटो निघाला. पडद्यावर घेऊन त्यानं तो डोळ्यापाशी मोठा केला, अर्ध्या मिटल्या पापणीची एक एक सुरकुती दिसली. ठिपके दिसले, निळसर, पसरलेले. "हा दहा काय, वीस फुटी छापला तरी चालेल," तो म्हणाला, आणि त्यानं तो लगेच ललित सरांना पाठवला. सरांचा फोनही लगेच आला. मिथुनचे हात शाईचे होते, म्हणून त्यानं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"अरे मिथुन, हा कशाला? आधीचा छान झालाय. तोच घे."

"सर, हा खरा आहे. आजी स्वतः आल्यात. यात सगळं क्लिअर..."

"क्लिअर आहे, पण दहा फुटावर कसं दिसेल, विचार कर. त्या डाव्या डोळ्याकडं बघवत नाही रे. आणि पुढचे दात. पाहुण्यांना प्रेरणा मिळाली पाहिजे, दया वाटायला नको. आधीच्यात ते कपाळावरचे डागसुद्धा निघालेत, स्वच्छ वाटतं. तोच छाप." आणि फोन बंद झाला.

मिथुन कापडानं बोटं पुसत राहिला. रूपीनं कपाळाला हात लावला. "डाग," ती म्हणाली. मग वर्षाला म्हणाली, "चल घरी."

घरी आल्यावर तिनं चुलीतली राख घेऊन दात घासले, जे होते ते. रात्री भात चिवडला आणि ताट सारलं. तिला जेवताना ते पांढरे दात चावताना दिसत होते.

"मी येणार नाय त्या कार्यक्रमाला," तिनं सांगून टाकलं.

वर्षा रडकुंडीला आली. तिच्या पर्यवेक्षिकाबाई तिथं येणार होत्या, त्यांनी रूपीचं नाव मोठ्या कौतुकानं सुचवलं होतं. सुनिलनं कारखान्यातून फोनवर सांगितलं, "आये, जाऊन शाल घे नि ये. फोटोनं काय कुणाचं झिजतं?" शेवटी सुनेच्या तोंडाकडं बघून रूपी तयार झाली. नवशीही बरोबर निघाली, आपल्या सुइणीचा मान बघायला.

तलासरीचं सभागृह भरलं होतं. व्यासपीठामागं, छतापासून खालपर्यंत, ती बाई लोंबत होती. दुकानातल्या पडद्यावर ती निदान हाताएवढी होती. इथं तिचा एक एक दात विटेएवढा झाला होता. नव्या बॅनरचा तोच उग्र वास पंख्याबरोबर सगळीकडं फिरत होता.

नवशी खुर्चीत बसून मान उंचावत होती. "रूपे, तुझा फोटो कुठं लावलाय? ही कोण बाई आहे मोठी? मुंबईची पाहुणी का?"

"तीच मी आहे."

"जा, गं," म्हणून नवशी हसली. मग बॅनरवरचं नाव वर्षानं तिला वाचून दाखवलं, तशी ती हसायची थांबली. तिनं बॅनरकडं बघितलं, रूपीकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "या बाईनं माझी लाथ खाल्लेली नाय," ती हळूच म्हणाली.

ललित सर भेटायला आले. हात जोडून, मऊ आवाजात त्यांनी विचारपूस केली, पाणी हवं का, पंखा लागतो का. वाईट माणूस असा तो दिसतच नव्हता. पण रूपीनं एक गोष्ट हेरली. बोलताना ते तिच्या तोंडाकडं बघत नव्हते. कधी खांद्याकडं, कधी वर्षाकडं, कधी जमिनीकडं. आयुष्यभर रूपीनं माणसांची तोंडं वाचली होती. कुणाला कळ आली, कोण खोटं बोलतं, कोण घाबरलं, हे तिला न सांगता कळायचं. या माणसाला आपली किळस येते, हे तिला तसंच कळलं. अळ्या पडलेल्या जिव्याची जिनं किळस केली नाही, तिच्या डोळ्याची याला किळस.

भाषण चालू झालं. सर बॅनरकडं हात करून म्हणाले, "या डोळ्यांतली माया बघा. या हास्यात आपल्या मातीचं निर्मळ मन आहे." टाळ्या पडल्या. रूपी खाली मान घालून आपल्या पायांकडं बघत होती. तिला वर बघवेना.

मग तिचं नाव पुकारलं. वर्षानं कोपरानं ढोसलं. रूपी वर गेली. शाल आली, नारळ आला. फोटो काढणाऱ्यानं सांगितलं, आजींना बरोबर बॅनरखाली घ्या, दोघी एकत्र येतील. सरांनी तिला दंडाला धरून मागं सरकवलं. मग त्यांनी जरा वाकून, अगदी हलक्या हातानं, तिच्या डोक्यावरची फडकी पुढं ओढली. कपाळ झाकेल आणि डाव्या डोळ्यावर सावली येईल एवढी.

रूपीनं तो हात झटकला. "हात लावू नको."

माइक जवळच होता. आवाज सगळ्या सभागृहात गेला. पुढच्या रांगेतले पाहुणे गोंधळून एकमेकांकडं बघू लागले.

"मावशी, फोटोसाठी जरा..."

"ही शाल तिला घाला," रूपी म्हणाली आणि अंगठ्यानं मागं दाखवलं. "ती तुमची आहे. मला तिच्या अंगाचा वास येतो. मळमळतं."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, म्हातारीनं गंमत केली असं समजून. सर सगळ्यांत मोठ्यानं हसले. "बघा, किती निरागस!" ते माइकमध्ये म्हणाले. त्या हसण्यानं रूपीला गटारापाशी आली होती त्याहून मोठी उबळ आली. तिनं शाल खुर्चीवर टाकली, फडकी मागं सारली आणि पायऱ्या उतरून थेट बाहेर गेली. नवशी तिच्या मागोमाग. आत जेवणाच्या पंगती बसल्या. दोघी बाहेर चिंचेखाली बसून राहिल्या. नवशीनं भुईमुगाच्या शेंगा घेतल्या होत्या, रूपीनं त्याही खाल्ल्या नाहीत.

वर्षा जीपमध्ये चांगलीच भडकली. "माझ्या बाई मला काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, सासूला घरीच समजावून आणायचं असतं. लोक चांगलं करायला येतात आणि तू थुंकतेस!"

"थुंकले नाय. थुंकायचं होतं."

सासू-सुना कितीतरी दिवस कामापुरतंच बोलल्या. ताटंही वेगळी झाली.

ती अढी अशी सुटली. वर्षा रिपोर्टच्या प्रती काढायला डहाणूला गेली होती, तिला मिथुननं हाक मारली. दारातल्या उजेडात काढलेला तो फोटो त्यानं आपणहून छापून ठेवला होता, पोस्टकार्डाएवढा, मॅट कागदावर. वर्षा रस्त्यातच थांबून तो बघत राहिली. लग्न झाल्यापासून हे तोंड ती रोज बघत होती, पण असं थांबून तिनं कधी बघितलंच नव्हतं. पापणीची घडी, ठिपके, ओठ आत ओढलेला. मग तिला सरांचं ते वाक्य आठवलं, बघवत नाही रे. आणि आपण तेव्हा पांढरा कपडा धरून उभ्या होतो, ऐकत होतो, गप्प होतो, हेही आठवलं. तिचं तिलाच कसंतरी झालं.

रूपीनं फोटो हातात घेऊन लांब धरला. "म्हातारी झाले की," एवढंच म्हणाली. फ्रेम करू नको म्हणाली. रेशनकार्डाच्या डब्यात ठेवून दिला. त्या रात्री दोघींनी एका ताटात भात घेतला.

पण ती दुसरी बाई काही पाठ सोडेना. शेजारचा लक्ष्या तलासरीच्या मांडववाल्याकडं कामाला होता. तो बॅनर त्यानं भाताच्या पेंढ्यावर झाकायला आणला. सकाळी रूपी अंगणात आली तर समोर पेंढ्यावर ते विटेएवढे दात. "उलटा घाल, लक्ष्या," ती ओरडली. लक्ष्यानं मुकाट्यानं उलटा घातला. तरी ऊन चढलं की त्या बाजूनं वास यायचा, आणि रूपी चुलीची जागा सोडून मागच्या पडवीत जाऊन बसायची.

काही महिन्यांनी सरांचा पुन्हा फोन आला. संस्था दिनदर्शिका काढणार होती, एका पानावर रूपीबाईंना घ्यायचं होतं, चार ओळी त्यांच्याबद्दल सांगाल का. वर्षानं फोनवर हात ठेवून सासूला विचारलं.

"सांग, रूपी मेली," रूपी म्हणाली. ती तांदूळ पाखडत होती, सूप थांबलं नाही.

वर्षा तसं कुठं सांगणार? पण तिनं नेहमीसारखी आढेवेढे घेत माफीही मागितली नाही. "सर, आई नको म्हणतात. आणि तो फोटो त्यांचा नाही."

"हरकत नाही," सर मऊ आवाजात म्हणाले. "फोटो आहे आमच्याकडं. मजकूरही लिहू आम्ही."

दिनदर्शिका आली. कैनाडच्या पंचायतीत टेबलामागच्या भिंतीवर लागली, आणि चैत्राच्या पानावर ती बाई सगळे दात दाखवून हसत राहिली. रूपीला त्या महिन्यात पेन्शनच्या कागदावर अंगठा द्यायचा होता. ती दारापर्यंत गेली, आत नजर टाकली आणि तशीच मागं फिरून पायरीवर बसली.

"आत ये ना, आजी," शिपाई म्हणाला.

"कागद इकडं आण," रूपी म्हणाली. त्यानं कागद आणि शाईची डबी बाहेर आणली. तिनं अंगठा उठवला, शाई पायरीच्या दगडाला पुसली, आणि उठता उठता बाजूच्या मातीत खच्चून थुंकली.